एक्कावन्न किलोचा भाऊ

॥ श्री ॥
डिचोली, १४ मार्च १९८९

चि. कृष्णनाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या धारगळचा मधुकर परवा कामानिमित्त खाणीवर आला होता. खुशाली सांगायची सोडून त्याने खिशातून पेपराचं कात्रण काढलं. तुझा फोटो! हातात ते फुगलेले मोजे, नि खाली छापलेलं, राज्य बॉक्सिंग स्पर्धेसाठी निवड. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं मधुकर म्हणाला. मी हसलो, पण पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

मधुकर म्हणतो, बाबा तुला रोज सकाळी काजूच्या तराजूत बसवून तोलतात. आधी तुझं वजन, मग गिऱ्हाईक. वा रे वा! त्याच तराजूत मी शाळेत असल्यापासून बियांच्या गोणी चढवल्या. मी अंगाने दांडगा, म्हणून सदान्‌कदा 'जयराम, उचल'. जयरामाचं स्वतःचं वजन किती, ते बाबांनी जन्मात विचारलं नाही. तुला म्हणून सांगतो, इथल्या दवाखान्यात चौऱ्याऐंशी भरलं.

नि तू एक्कावन्न! आपल्याएवढ्याच पोरांना लोळवायचं, ह्यात कसली रे मर्दुमकी? वासरात लंगडी गाय शहाणी. एकदा माझ्यासमोर उभा राहा, मग बघू. असलं काही लिहू नका म्हणून तुझी वहिनी चंद्रावती मघापासून सांगते आहे. मी लिहिणार.

बाबांना नि आयेला नमस्कार. पेपरात नाव आलं तरी भावाची ओळख ठेव.
तुझा,
जयराम

॥ श्री ॥
धारगळ, २१ मार्च १९८९

ती. जयरामदादास,
कृष्णनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आये हसली. बाबांना दाखवलं नाही. दादा, तुझ्यासमोर मी कशाला उभा राहू? मला अजून जगायचं आहे.

तू थट्टा करतोस, पण वजनाचं कसं असतं ते ऐक. गेल्या साली एक मुलगा आजारी पडला, म्हणून सरांनी मला वरच्या, चोपन्नच्या गटात घातलं. समोर वास्कोचा मुलगा, माझ्याहून तीनच किलो जास्त. तीन किलो म्हणजे काय, पाच-सहा सोललेले नारळ! मी त्याला पुष्कळ ठोसे मारले. माझा लागला की तो नुसता डोळे मिचकावायचा, नि त्याचा एक लागला की माझे गुडघे वितळायचे. शिवाय तो वीतभर उंच, माझा हात पोचायच्या आधी त्याचा येऊन पडायचा. दुसऱ्या फेरीत माझ्या नाकाचं रक्त थांबेना, तेव्हा पंचांनीच सोडवलं. तीन किलोंत ही गत. तू तर तेहतीस किलो जास्त!

म्हणून एक्कावन्नवर राहणं ह्यातच माझा जीव आहे. स्पर्धेच्या सकाळी वजन करतात. थोडं जरी जास्त भरलं तरी बाद, एक ठोसा न मारता घरी. आमच्या सरांकडे वजनाचं यंत्र नाही, म्हणून बाबा तोलतात. पारड्यात गोणपाट घालून मला बसवतात नि म्हणतात, बरोबर एक्कावन्न, जा, जेव. जिंकलो तर पोलिसात खेळाडूंच्या जागा आहेत. नाही तर आहेच दुकान नि बिया.

एप्रिलच्या आठ तारखेला म्हापशाला स्पर्धा आहे. बाबा येणार आहेत. तूही ये ना रे. वहिनीला नमस्कार सांग, नि रागावलास तरी उत्तर पाठव.
तुझा धाकटा,
कृष्णनाथ

॥ श्री ॥
डिचोली, १ एप्रिल १९८९

चि. कृष्णनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

येणार नाही. रजा मिळते, पण येणार नाही. मी हुतूतूत अख्खा पेडणे तालुका गाजवला, तेव्हा बाबांना दुकान बंद करायला सवड नव्हती. आता तुझ्यासाठी ऐन काजूच्या दिवसांत कुलूप लावून म्हापशाला जाणार! त्यांच्या शेजारी बसून मी टाळ्या वाजवू? माझ्याने होणार नाही.

आणखी एक. बाबा म्हणाले बरोबर एक्कावन्न, नि तू खुशाल जेवायला बसलास! अरे वेड्या, त्या तराजूपाशी माझी हाडं झिजली. लोकांकडून बिया विकत घेताना गोणपाटाचं थोडं, बियांच्या ओलीचं थोडं, असं करत बाबा दर मापामागे किलोभर वजा करूनच आकडा बोलतात. मुद्दाम नव्हे, जिभेलाच वळण पडलं आहे. देवळात अन्नदानाचे तांदूळ तोलले, तेव्हा स्वतःच दिलेल्या तांदळातलाही किलो कापला होता. भटजी पोट धरून हसले. मग तुझा कापत नसतील? त्यांच्या हाताला तू काय नि ओल्या बिया काय, सारख्याच.

हे लिहू नये असं दोन दिवस वाटत होतं. तू वजनात बाद झालास, तर माझं काय जाणार होतं? उलट पोटातली आग जरा विझली असती. पण लिहिलं. लिफाफा लगेच चंद्रावतीच्या हातात देतो आहे, म्हणजे मला परत मागता येणार नाही.

बाबांना हे माझ्या नावाने सांगू नकोस. आशीर्वाद आहेत, कुरकुरत का होईना.
तुझा,
जयराम

॥ श्री ॥
धारगळ, १० एप्रिल १९८९

ती. जयरामदादास,
कृष्णनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा हातात चारच दिवस होते. पायांत चप्पल घातली नि सरळ म्हापशाच्या इस्पितळात गेलो. यंत्रावर बावन्न नि वर थोडं!

बाबा काही ऐकेनात. आपल्या तराजूला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही म्हणाले. तावातावाने मला परत पारड्यात बसवलं, वजनं मोठ्याने मोजली, बावन्न म्हणाले नि त्याच दमात, म्हणजे एक्कावन्न! आपलंच बोलणं कानावर पडलं तसे मटकन खाली बसले. कुणी सांगितलं, असं विचारलं. माझ्याने राहवलं नाही, तुझं नाव सांगितलं. तसे उठून वजनं जागेवर लावायला लागले.

मग आयेने मला दोन घोट पेजेवर ठेवलं. भर उन्हात घोंगडी पांघरून मी हमरस्त्याने धावायचो नि पोदेराच्या सायकलीवरच्या पावांकडे बघून रडू यायचं. पण वजनाला पन्नास किलो नऊशे भरलो. अंगात त्राण नव्हतं, तरी समोरचाही माझ्याएवढाच, म्हणून निभावलं. दादा, मी जिंकलो!

आता माझं ऐक. पंचांनी माझा हात वर केला नि मी धावत बाबांकडे गेलो. ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, हा धाकटा. थोरला बघायला हवा होता तुम्ही. भरलेली गोण एकट्याने खांद्यावर घेऊन ट्रकात चढतो. हुतूतूत सातजणांना ओढत रेषेपर्यंत जायचा. ते अंग ह्याला मिळालं असतं, तर पहिल्याच ठोशात मिटलं असतं. मेडल माझ्या गळ्यात नि कौतुक डिचोलीला! परत येताना बसमध्येही तेच. घरी रोज तेच असतं. तू जळतोस म्हणतोस, मग मी काय करावं? त्या रात्री मी मेडल कुणाला दाखवलंसुद्धा नाही.

वहिनीला नमस्कार. एवढ्यावरून मला परका करू नकोस.
तुझा,
कृष्णनाथ

॥ श्री ॥
डिचोली, १४ एप्रिल १९८९

चि. कृष्णनाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिंकलास, छान झालं. पाव खा आता पोटभर. तू माझ्यावर जळतोस हे वाचून फार बरं वाटलं, देव मला क्षमा करो.

पत्र चंद्रावतीला मोठ्याने वाचून दाखवलं. मग खाणीवर नेलं, तिथेही वाचलं. तुझ्या मेडलचं वाचलं, नाही असं नाही, पण पुढचं दोनदा वाचलं. बाबांनी माझा खेळ बघितला होता की काय रे? सातजणांचं त्यांना कुणी सांगितलं? मी कधी बोललो नव्हतो.

तुझ्या लिहिण्यात एक राहून गेलं आहे. बाबा त्या माणसाला नुसतं 'थोरला' म्हणाले, की 'माझा थोरला'? नीट आठवून लिही. उलट टपाली लिही.
तुझा,
जयराम