गाठ सुटलेली तार

अण्णा, तिकडे सगळे कसे आहात? आईचा दमा आता तरी बसला का, की तिथंही माघाची थंडी सरेपर्यंत उशाशी गरम पाण्याचा तांब्या ठेवावा लागतो? काकूला नीट दिसतं का? ती गेली तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन राहूनच गेलं होतं, माझा चेहरा हाताने चाचपून म्हणायची, "वाळलीस गं." दादा तुमच्या मागोमाग इतक्या लवकर तिकडे आला, त्याला जेवण जातं का? आणि तुमची पाठ? इथं माझी साखर वर-खाली होते, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत आहे. प्रेम नगरच्या घरात मी आता एकटीच मराठी बोलते, तेही बहुतेक देवाशी आणि कुकरशी. भाच्याला सगळं समजतं, पण उत्तर देतो हिंदीत. मराठीत मला रागवायला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. गेल्या आठवड्यात तुम्ही हवे होतात. अगदी शेजारी, उकिडवे बसलेले.

समथरच्या रस्त्याला तुम्ही घेतलेला पेरूचा तुकडा मी अजून विकला नाही. त्याच्या मागे ती खडकाळ टेकडी, इथले लोक टोरिया म्हणतात ती, तशीच आहे. राखण करणारी बाई सुनेला घेऊन तिथंच झोपडीत राहते, मुलगा सुरतेला कामाला. मला जिज्जी म्हणते, म्हणजे मोठी बहीण. या हिवाळ्यात तिच्या दोन शेळ्या गेल्या. टोरियाच्या कपारीत तरस राहते, लकडबग्घा, आणि तिने पिल्लं घातलीत, अशी गावात बोलवा झाली. मग ठरलं की होळी झाली की कपारीच्या तोंडाशी पेंढा आणि मिरच्या रचून धूर करायचा, आतलं सगळं आतच संपवायचं. मला ते ऐकून अन्न गोड लागेना. शेळ्या त्या बाईच्या गेल्या होत्या, माझं काहीच गेलं नव्हतं, त्यामुळे तिला उपदेश करायला माझी जीभ रेटेना. वनरक्षकाकडे गेले. भला माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. तो म्हणाला, "मैडम जी, माँ और बच्चों का एक साफ फोटो दिला दो. मैं ऊपर से रोक लगवा दूँगा, बकरियों का मुआवजा भी दिला दूँगा. बिना फोटो के मेरी कौन सुनता है?" आणि त्याने स्वतःच्या जबाबदारीवर असलेला एक कॅमेरा मला दिला. जंगलात झाडाला बांधतात तो, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. देताना एवढंच म्हणाला, "जल गया तो मेरी पेंशन से कटेगा."

कॅमेरा कपारीसमोरच्या पळसाला बांधला आणि तो गवताचेच फोटो काढत बसला. वारा आला की गवत हलायचं, गवत हललं की फोटो. आतले सेल पोट खपाटीला जाऊन मरायचे, आणि तरस बाहेर पडायची वेळ व्हायची तेव्हा कॅमेरा झोपलेला. गवत कापलं, सेल बदलले, तरी तेच. रात्रीचा फोटो घ्यायला तो आपला दिवा लावतो, तोच फार खातो. सारखं सेल बदलायला गेले तर वनरक्षक रागावला, "बार-बार मत जाइए, आपकी गंध पाकर बच्चे उठा ले जाएगी." म्हणून म्हटलं, उन्हावर चालवू. सदर बाजारातून छोटं सौर पॅनेल आणलं, दिवा-बत्तीतली असते तशी लहान बॅटरी आणली, मध्ये चार्ज सांभाळणारा कंट्रोलर आणला. स्वयंपाकघरात ओट्यावर मांडलं, एका बाजूला वरणाची डाळ शिजतेय, दुसऱ्या बाजूला मी मोबाइलवर माणसं बघतेय, कोणी तेलुगूत सांगतं, कोणी इंग्रजीत, हात मात्र सगळ्यांचे सारखेच चालतात. एवढं कळलं की पॅनेल कॅमेऱ्याला सरळ जोडायचं नाही. भर उन्हात ते पाठीवर लिहिलंय त्याहून जास्त जोर काढतं आणि ढग आला की मान टाकतं. बॅटरी मध्ये हवी. आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल, मग कॅमेरा. बॅटरीचं तर मला कोणी सांगायला नको होतं.

तुमच्या रेल्वे कारखान्यातली ती बॅटऱ्यांची खोली मला आज इतक्या वर्षांनी नाकात येते. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन येते, दारातच थांबते, आत ॲसिडचा आंबट वास, तुमच्या पायजम्याला भोकं, आणि तुम्ही गाडीच्या डब्यांच्या दिव्यांच्या बॅटऱ्या ओळीने लावताय. प्रत्येक धन तारेला एक गाठ. लाल आणि हिरवा तुम्हाला सारखाच मातकट दिसायचा, हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. घरी रेडिओच्या बॅटरीला मी एकदा गाठ न चाचपता, नुसतं बघून तार लावायला निघाले, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. ओरडला नाहीत. म्हणालात, "डोळे कशाला वापरतेस? डोळे माझ्याकडेही आहेत." मग मला डोळे मिटून बसवलंत आणि गाठ बोटांनी शोधायला लावलीत, आई हाका मारत राहिली, पोळी निवून गेली. तेव्हापासून माझ्या हातून धन तारेला गाठ आपोआप पडते, साडीला पिन लावावी तशी. कॅमेऱ्यात खोचायची जी पिनवाली तार दुकानदाराने दिली, तिचे दोन्ही धागे काळे होते. कॅमेऱ्याला पिनच्या मधल्या भोकात धन लागतं, म्हणून घरी मीटर लावून तिथं जाणारा धागा शोधला, त्याला गाठ मारली. काम झालं म्हणून मीटर कपाटात ठेवला. सामान आदल्या संध्याकाळी झोपडीत नेऊन ठेवलं, दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला की टोरियावर चढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जाते तर झोपडीपुढे बायांची गर्दी. सून पहाटे बाळंत झालेली, मुलगी झालेली. बाई माझ्या अंगावरच आली, "मोड़ी भई है, जिज्जी! काली-कलूटी, हमाए जैसी!" मी पिशवीतला गूळ तिच्या तोंडात घातला. ती हसली, गूळ चघळला आणि चघळता चघळता तिचा चेहरा बदलला. टोरियाकडे बघून म्हणाली, "अब होली-वोली नईं. कल सबेरेई धुआँ देंगे. बच्चे की बास पाके वो नीचे आएगी." मी म्हटलं, वनरक्षकाने होळीपर्यंत थांबायला सांगितलंय. "तो उनईं की बहू इते सो जाए," ती म्हणाली, मग त्याच्याच सुनेने इथं निजावं. झोपडीला दार नाही, अण्णा, पोतं टांगलेलं आहे. मी त्या पोत्याकडे बघितलं. शेवटी हात जोडले, एक रात्र दे म्हटलं. तिने पोतं सारून आत बाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "एक रात. तुमाए मुँह पे. सबेरे गाँव वाले पुआल लेके आ जैहैं."

आम्ही चढलो. कपार सावलीत आहे, म्हणून पॅनेल वर उन्हाच्या खडकावर, आणि त्याची लांब तार खाली, कॅमेऱ्यापाशी, पत्र्याच्या डब्यात बॅटरीला जोडून ठेवलेल्या कंट्रोलरला. ती तार लाल-काळी, तिचा प्रश्न नव्हता. नवी बॅटरी दुकानातून अर्धमेलीच येते, तिला दुपारभर ऊन पाजलं. तोवर आम्ही दूर, बाभळीखाली बसून राहिलो. ऊन कलल्यावर खाली सरकलो, पिनवाली तार पिशवीतून काढली आणि बोटं फिरवली. गाठ नाही. पुन्हा फिरवली. पिशवी उलटी केली. दोन काळे धागे, सापाच्या पिलांसारखे गुळगुळीत. वनरक्षकाने खाली उभ्या बाईला मोबाइल लावला आणि माझ्या कानाला दिला. "गाँठ? वो तो हमने खोल दई, जिज्जी. बहू को दर्द उठे ते, घर में गाँठ काय छोड़ते? खटिया की, चोटी की, पोटरिया की, सब खोल दईं." गाठी सोडल्या की बाळंतपण अडत नाही म्हणतात, आणि तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी "बरं केलंस" म्हटलं, चक्क मराठीत, आणि फोन ठेवला.

कॅमेऱ्यातले सेल मेलेले, नवे आणलेच नव्हते, दुकान मैलोगणती दूर. उलटी तार गेली तर कॅमेरा जळणार, आणि सकाळी पेंढा येणार. वनरक्षक कुजबुजला, "कोई भी लगा दीजिए, मैडम जी. आधा चांस तो है." मी मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात कपारीतून आवाज आला. मोठा नाही, चिरचिरा, दोन-तीन लहान तोंडं एकमेकांशी भांडावीत तसा. आम्ही दोघंही दगड झालो. अण्णा, मला तेव्हा तुमचा बटाटा आठवला. कारखान्यात इतर लोक कापलेल्या बटाट्यात तारा खोचायचे, धन तारेभोवती हिरवा डाग पडायचा. तुम्हाला तो दिसायचा नाही, म्हणून तुम्ही मिठाच्या पाण्यात तारा बुडवायचात. जिथं बुडबुडे जास्त, ती ऋण. वनरक्षकाच्या खिशात पेरूला लावायची मिठाची पुडी होती. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं, मीठ ढवळलं. दोन्ही काळे धागे मनाला येईल तसे कंट्रोलरला लावले. बांगडीतली सेफ्टी पिन काढून कॅमेऱ्याच्या पिनच्या मधल्या भोकात घातली, बाहेरच्या कड्याला तारेचा एक तुकडा टेकवला, आणि दोन्हींची टोकं एकमेकांना न लावता पाण्यात धरली. वनरक्षकाने माझं मनगट खालून धरलं. काहीच नाही. मग सेफ्टी पिनेवर साय धरावी तशी पांढरी बारीक फेसाची रेघ. "दोनों में हैं," तो म्हणाला. मी टोकं काढली, पुसली, पाणी निवळू दिलं, पुन्हा बुडवली. उजेड जात होता, चष्म्यावर माझाच श्वास जमत होता, कपारीतले आवाज एकाएकी थांबले होते. पुन्हा पिनेवरच फेस. म्हणजे मधलं भोक ऋण, उलटं. धागे फिरवले, परत बुडवलं, आता फेस बाहेरच्या कड्यावर. धन धाग्याला गाठ मारली, पिन कॅमेऱ्यात खोचली. काही झालं नाही. आणि मग आत एक लाल ठिपका लुकलुकला. वनरक्षक माझा हात धरून उतरला, मागे वळून बघू दिलं नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा गावातली माणसं पेंढ्याचे भारे टेकवून बसली होती. वनरक्षकाने वर जाऊन कार्ड काढून आणलं, माझ्या मोबाइलला लावलं आणि भाऱ्यांच्या मालकांना लांब थोपवायला गेला. बाई माझ्या खांद्यावरून वाकली. पहिल्या फोटोत तरस बाहेर आलेली, पट्ट्यापट्ट्यांची, कॅमेऱ्यापुढे आम्ही तारा जोडत बसलो होतो त्याच जागी नाक लावून उभी. पुढच्यात तिच्या तोंडात पिल्लू, मान लोंबलेली, डोळे कॅमेऱ्याच्या दिव्यात चमकणारे. मग ती रिकामी परत. मग दुसरं पिल्लू. मग अजून एक. मग नुसती कपार, रात्रभर. आमचा वास तिला पोचला होता, अण्णा. बाईने बोट लावून पिल्लाचा फोटो परत मागे आणला. मग म्हणाली, मांजरही असंच धरतं, "बिलैया सोई ऐसई धरत." आणि थोड्या वेळाने, "हमसें डरा गई." माणसांना तिनेच ओरडून सांगितलं, कपार रिकामी आहे, धूर कोणाला करता? एकजण म्हणाला, भारे वाहून आणलेत त्याचं काय? "इतई पटक दो," ती म्हणाली, "जच्चा कौ पानी तो तातौ हुइए." सगळे हसले. तिच्या चुलीवर बाळंतिणीचं पाणी तापायला लागलं.

पोत्याआड शिरताना तिने वळून मला विचारलं, "किते गई, जिज्जी? कछू दिखत?" वनरक्षकही आला होता, तोही माझ्याकडे बघत होता, पुढे बसलेली माणसंही. मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, फोटो मोठा केला, आणि म्हटलं, नहीं, अँधेरा है, कुछ नहीं दिखता. दिसत होतं. शेवटच्या पिल्लानंतरच्या फोटोत, पार कोपऱ्यात, ती झोपडीकडे पाठ करून कपारीलगतचा नाला ओलांडत होती, ओसाड पडलेल्या दगडखाणीकडे, आणि चांगलं स्वच्छ दिसत होतं. तो एक फोटो मी पुसून टाकला. कार्ड वनरक्षकाचं होतं, त्याला विचारलंही नाही.

त्या नवजात मुलीच्या जिवावर मी हे केलं का, हे मला ठरवता येत नाही. खाण लांब आहे, पण तरसाला लांब नाही. झोपडीला पत्र्याचं दार लावायला माणूस उद्या येतोय, ते लागेपर्यंत मी इथंच खाटेवर झोपते आहे, हे पत्रही इथंच बसून लिहिलं. ते टाकायला पेटी कुठली, पेरूच्या पिशवीतच राहील. तरी तुम्ही उत्तर लवकर लिहा, अण्णा. मी चुकले असेन तर तसंच लिहा, पण लवकर.