मिश्रीचा डबा यंदा का आला नाही

सात रस्ता, सोलापूर
मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. बजास,
आक्काचा पोटभर आशीर्वाद.

पाव्हण्यांचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की त्यांना मेंढरांमागं जाणं जड होतं. ते "मी ठीक हाय" म्हणतील, पण तू एरंडाचं पान बांधायला विसरू नकोस. नंदीशची कंबर टेम्पोत बसून बसून धरली होती, ती सुटली का? धनलक्ष्मीची कणकण गेली, का अजून सूनबाई "काय न्हाय, काय न्हाय" करत भाकऱ्या थापतेय? तुझ्या नातीचा, सुकन्याचा खोकला? आणि ती पाय अधू झालेली काळी मेंढी उठली का?

आणि बजा, तुझं तोंड? पंचमीला आली होतीस तेव्हा ठेचा ताटात बाजूला सारलास आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्लीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तोंड आलंय गं आक्का, आग हुती." ती आग थांबली का? बाकीच्यांचं विचारलं ते मायेनं आणि रीतीनं. कागद घेऊन बसले ती हे एकच विचारायला.

पत्र तू स्वतः वाच. अर्ध्यापर्यंत तरी धनलक्ष्मीला दाखवू नकोस.

तू रुसली आहेस हे मला ठाऊक आहे. दिवाळीला मिश्रीचा डबा आला नाही, तुझ्या लग्नानंतरच्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा धनाजीनं "आई झोपलीय" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा तू त्याला म्हणालीस, "तुजी आय काय कुंभकर्णाची भन हाय व्हय रं? सांग तिला, डबाबी नको न् तीबी नको." फोन मोठ्या आवाजावर होता, मी शेजारीच बसले होते. मला हसू आलं, पण हसता आलं नाही. का, ते ओळीनं सांगते.

गणपती उठल्यावर आपल्या वळसंगच्या शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. मी गेले ती नुसती बघायला. माझा स्वभाव तुला माहीत, कुणी विहीर खणत असलं तरी मी वाकून बघणार. आमच्या गल्लीच्या अकराजणी बाकावर बसलो होतो. आशाताई रेश्मा एकेकीला विचारून कागद भरत होती.

"आजी, तंबाखू खाता का?"

"न्हाय गं बाई. आमच्यात बायामानसं तंबाकूला शिवत न्हाईत."

हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं बरं का. माझ्यामागून दहाजणींनी तेच सांगितलं. आत दाताची डॉक्टरीण होती, नंदीशपेक्षाही लहान पोरगी, कपाळाला दिवा बांधलेली. तिनं तीनचार तोंडं बघितली आणि बाहेर आली.

"रेश्माताई, या गल्लीत एकही बाई तंबाखू खात नाही, आणि एकजात सगळ्यांच्या हिरड्या काळ्या. हे कसं काय?" मग आमच्याकडं वळली. "सकाळी दात कशानं घासता?"

"मिश्रीनं की," मी म्हटलं.

"आणि मिश्री कशाची करता?"

"तंबाकू भाजून."

म्हटलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. भीमाची आई शेजारून म्हणाली, "मग ते काय खानं हाय व्हय? ते तर दात घासनं हाय!" सगळ्या खदखदा हसल्या, डॉक्टरीणही हसली. पण तिनं अकराही कागद परत मागवले आणि एकेक 'नाही' आमच्यासमोर खोडलं.

बजा, गेल्या साली तुमच्या गावातही अशी तपासणी झाली होती. तूच फोनवर म्हणाली होतीस, "मला इचारलं तंबाकू खातीस का, मी न्हाय म्हनलं, मला घरी धाडलं." तुझं ते 'नाही' अजून कुणी खोडलेलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा तिनं मला तोंडात तीन बोटं उभी घालायला लावली. बोटं जायला हवीत. माझी गेली. तूही वाचता वाचता घालून बघ. मग तिनं जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली. डाव्या कडेला, पार मागं, मसुराएवढी जखम होती. मला ती जाणवत होती, पण तुटक्या दाताचं टोक घासतंय असं मी धरून चालले होते. दुखत तर नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, दुखत नाही म्हणूनच बघायला हवी." मग एक निळं औषध लावलं आणि गुळणी करायला सांगितली. सगळ्या तोंडातला निळा रंग धुऊन गेला, तेवढ्या जागेवर राहिला. तिनं आरशात दाखवला. भीती नंतर वाटली. आधी मला वाटलं, केवढी युक्ती ही!

पुढं सोलापूरला जिभेचा कणभर तुकडा काढून तपासायचा होता. तिथं मी अडले. गालाच्या गाठीनं गेलेले तुझे दीर मडिवाळप्पा आठवले. त्यांना सुरी लागली आणि गाठ भडकली, असं आपण सगळेच म्हणत आलो. मोठ्या डॉक्टरांना मी ते तोंडावर सांगितलं. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात आणलं तेव्हा गाठ केवढी होती?" मी म्हटलं, गालाबाहेर आली होती. ते म्हणाले, "मग ती सुरीच्या आधीच पसरली होती, मावशी. बोल सुरीला लागला." मग मी तुकडा काढायला हो म्हटलं. मडिवाळप्पांना आठ महिने अंगारा लावत बसवलं होतं, ते आपणच.

आता लिहिते. तो कॅन्सर निघाला, बजा. आठ ऑक्टोबरला माझं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी इथं सोलापुरात धनाजीकडंच आहे. जिभेची डावी कड काढली, मानेतल्या गाठीही काढून तपासल्या. तू दिवाळीत फोन करत होतीस तेव्हा माझ्या नाकातली नळी नुकतीच निघाली होती आणि मी पातळ पेज गिळायला शिकत होते. धनाजीवर रागावू नकोस, मीच त्याला खूण करून नको म्हणत होते.

रडू नको. पुढं वाच. इथून पुढं धनलक्ष्मीनं वाचलं तरी चालेल, उलट तिनं वाचावंच.

मला काय काय बघायला मिळालं म्हणून सांगू! माझ्या एकटीसाठी पाच डॉक्टर एका टेबलाभोवती बसले होते. कापणारे, किरणं देणारे, औषधं देणारे, काचेखाली तुकडा बघणारे. आपल्याकडं मेंढरांच्या वाटणीलाही एवढी माणसं बसत नाहीत. ऑपरेशननंतर बोलता येत नव्हतं, तेव्हा जखम मसुराएवढी आणि जीभ एवढी का कापली, म्हणून मी पाटीवर लिहून विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "वांगं किडलं तर किडीपुरतंच कापता का?" खरंच की, आपण बोटभर चांगलंही काढतो. त्या चांगल्या कडेत काही सापडलं नाही, मानेतही नाही. त्यामुळं किरणं द्यायची गरज पडली नाही. लवकर सापडलं म्हणून एवढ्यावर निभावलं, असं ते म्हणतात. दर महिन्याला दाखवायला जायचं आहे.

बोलायला शिकवायला दिपाली नावाची मुलगी आहे. समोर आरसा ठेवते आणि एकेक शब्द घोकून घेते. शब्द ओल्या वाळूतून चाक यावं तसा येतो. घरच्यांना कळतं, फोनवर कळत नाही. म्हणून पत्र.

मिश्री सुटली. घरी आल्यावर पहिल्या सकाळी बोट आपोआप हिरडीकडं गेलं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, तल्लफ दहा मिनिटांची पाव्हणी असते, चहा विचारला नाही की उठून जाते. मी चूळ भरते आणि गच्चीत चकरा मारते. काही पाव्हण्या लई चिवट असतात, पण जातात.

हे सगळं मी हुरुपानं लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

तू नऊ वर्षांची होतीस. दाढ दुखून रडत होतीस. मी तेरा वर्षांची, आईची मिश्री चोरून लावणारी. माझ्या बोटावरची चिमूट मी तुझ्या दाढेत भरली. तुला भोवळ आली, ओकलीस आणि झोपलीस. मला वाटलं, औषध लागू पडलं. त्याच वर्षी तू शाळेतून आलीस की तुझ्या पाटीवर मी अक्षरं गिरवायचे. शाळा तुझ्या वाट्याला होती आणि शेरडं माझ्या. तू मला अक्षरं दिलीस आणि मी तुला मिश्री दिली. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आणि यंदा पंचमीला, तोंडाची आग होते म्हणालीस तेव्हाही मी काय केलं? "लाव एवढी, बरं वाटंल," म्हणून डबा पुढं केला. सुकन्यानंही त्यात बोट बुडवलं. तेरा वर्षांची पोर. आपण दोघी हसलो.

अजून एक आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरीण मला भेटायला आली होती. तिनं विचारलं, "आजी, घरात, नात्यात अजून कुणी मिश्री लावतं का?" पाटी माझ्या मांडीवर होती. मी लिहिलं, 'नाही'. शाळेतलं ते 'नाही' मी अज्ञानानं म्हटलं होतं. हे मात्र कळत असून लिहिलं. तुझं नाव लिहिलं तर कुणी दिली तेही लिहावं लागेल, म्हणून भ्याले. वीस दिवस मी ते गिळून बसले.

काल पुन्हा गेले आणि तिच्यासमोर सगळं लिहिलं. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, ती याच पाकिटात आहे. तीत लिहिलंय: बजाबाई, वय साठ, मिश्री एक्कावन्न वर्षं, तोंडात आग, तिखट सोसत नाही. ते डॉक्टर गुरुवारी बसतात. नंदीशला टेम्पो काढायला सांग. तिथं काही बोलू नकोस, चिठ्ठी पुढं कर आणि आ कर. सुकन्यालाही बरोबर ने. हे सगळं तिनं डोळ्यांनी बघू दे.

तोंड येण्याला शंभर कारणं असतात, असं डॉक्टरीण म्हणाली. साधंच निघालं तर मला मनसोक्त शिव्या लिहून पाठव, मी चष्मा पुसून वाचीन. काही निघालं तर मला वाट माहीत आहे. आरशापासून पेजेपर्यंत एकेक पायरी तुझ्याबरोबर चढीन. माझ्यावरचा राग तसाच ठेव, बजा. तो घेऊन जा, पण जा.

पत्राचं उत्तर लवकर पाठव. पण डॉक्टरांना दाखवून आल्यावरच लिहायला बस, त्याआधी कागदाला हात लावू नकोस. मी रोज पोस्टमनला विचारणार आहे, नीट बोलता येत नसलं तरी.

तुझी अपराधी,
आक्का
(राजाबाई)