आकार, पगार, वैविध्य आणि मी

६ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प एकच. नोकरी बदलायची. म्हणजे बदलायची नाही, पण मनात आणलं तर बदलू शकतो, हे दाखवून द्यायचं.

नॉरिचमधल्या ‘थर्लो अँड पाइक’मध्ये चोवीस वर्षं लोकांच्या घरांची खरेदीखतं करतोय. पंचवीस माणसांचं वकिलांचं ऑफिस. क्लेमंट यॅक्सली, म्हणजे मी, गेला तर ते आठवड्याभरात बसेल. हे त्यांनाही माहीत असणार, पण आजवर कोणी बोललेलं नाही. आम्हा इंग्रजांची ही खोडच आहे, कौतुक तोंडावर करवत नाही.

संध्याकाळी तक्ता करायला घेतला. देशातल्या चाळीस लॉ फर्म. रकाने तीन: आकार, पगार, वैविध्य. भावनेला थारा नाही.

९ जानेवारी

आकार आणि पगार भरून झाले. मोठ्या फर्ममध्ये दोन-दोन हजार माणसं, व्यायामशाळा, शिवाय डुलकी काढायची खोली. लंडनमधल्या अमेरिकन फर्ममध्ये काल-परवा वकील झालेल्या पोरीला माझ्या दुप्पट पगार. वाचून पाणी प्यायलो. मग वाटलं, तिला एवढा, तर मला किती? तो आकडा पेन्सिलीनं लिहिला.

वैविध्याचा रकाना सर्वांत रंजक निघाला. आपल्याकडे कोण कोण काम करतं, हे प्रत्येक फर्म टक्केवारीत वेबसाइटवर टाकते. बायका किती, गोरे किती, कुठल्या वयाचे किती. आमच्या फर्मचं पान उघडलं. वय ५५ ते ६४: चार टक्के. पंचवीस माणसांत चार टक्के म्हणजे एक माणूस. म्हणजे मी. स्वतःला इंटरनेटवर पाहून छाती फुगली. बराच वेळ ते पान बंद करवेना.

लंडनच्या पहिल्या दहा फर्ममध्ये हा आकडा याच्या निम्माही नाही. तात्पर्य, मी दुर्मीळ आहे.

१४ जानेवारी

योजना पक्की. राजीनामा द्यायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसातल्या गॅरेथनं दिला होता. वरिष्ठ पांढरे पडले, शुक्रवारपर्यंत मुदत मागितली, आणि शुक्रवारी त्याला पगारवाढ अन् खिडकीजवळची खोली मिळाली. तो अजून तिथेच आहे, खिडकीजवळ. रीतच आहे ही.

दुपारी पुन्हा चहाचं नाटक. आळीपाळीनं एकेक जण उठतो, सगळ्यांना विचारत फिरतो, ट्रे भरून आणतो. कोणाला दूध जास्त, कोणाला साखर दीड चमचा, हे रिसेप्शनवरच्या बेरिलला सगळ्यांचं पाठ. मी पहिल्याच आठवड्यात स्वतःचा थर्मास आणला. कुणाला विचारणं नाही, कुणासाठी उठणं नाही. त्यात वाचलेल्या वेळातच मी आज जो काही आहे तो झालो.

तक्त्याखाली टीप: मोठ्या फर्ममध्ये चहाचं मशीन असतं. उत्तम.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी तीनला व्हेरिटी थर्लोच्या हातात राजीनामा दिला. ही व्हेरिटी माझ्या हाताखाली शिकली. आता फर्मची प्रमुख. तिनं वाचला. पांढरी वगैरे पडली नाही, पण खोलीत उजेडच कमी होता.

म्हणाली, तुमचं ठरलंच असेल तर अडवणारी मी कोण. मी गप्प राहिलो, म्हणजे तिला पुढचं बोलायला जागा मिळावी. तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, तीन महिन्यांची नोटीस कशाला भरताय, आजपासूनच गार्डनिंग लीव्ह घ्या. म्हणजे पगार चालू, पण ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, घरी बसून बागकाम करायचं. तुमच्याकडे बाग आहे ना, तिनं विचारलं. म्हटलं, बाल्कनी आहे. ती म्हणाली, मग छानच की.

साडेचारला खोकं घेऊन बाहेर. बेरिल फोनवर होती, तिनं हात हलवला. ऑफिसची किल्ली द्यायची राहिली, ती मुदत संपेल त्या दिवशी नेऊन देईन.

१८ जानेवारी

रात्रभर विचार केला आणि उलगडा झाला. अशी सक्तीची सुट्टी फर्म कुणाला देते? जो उद्या दुसरीकडे जाऊन अशिलं पळवील त्याला. व्हेरिटी मला घाबरली आहे. हा सरळ सरळ सन्मान आहे.

सुट्टीच्या पत्रात कलम आहे, या काळात सहकाऱ्यांशी संपर्क नको. म्हणूनच काल संध्याकाळपासून कोणाचा फोन नाही. कायद्याची माणसं आहेत, पाळणारच. बेरिलला फार जड जात असेल.

२६ जानेवारी, रविवार

कार्लाइलहून हिलरीचा फोन. ही माझी धाकटी बहीण. पोट धरून हसली. अरे, बागकामाची सुट्टी म्हणे, तुझ्याकडे एक झाड तरी आहे का? मी म्हटलं, तो शब्दप्रयोग आहे. ती म्हणाली, बरं बाबा शब्दप्रयोग, पण इकडे ये ना थोडे दिवस, वरची खोली नुसती पडलीय. एकटा बसून करतोस काय? मी म्हटलं, एकटा कुठे, चाळीस फर्म आहेत सोबत.  तिनं विचारलं, जेवतोस ना नीट?

तिला काय कळणार. बाजारातून पॅन्सीच्या फुलांची कुंडी आणली. आता कोणी विचारलं तर बागकाम चालू आहे.

११ फेब्रुवारी

जेगो नावाच्या एजंटला तक्ता पाठवला होता. वकिलांना नोकऱ्या लावून देणं हा त्याचा धंदा. आवाजावरून तिशीही गाठलेली नसावी. म्हणाला, बॉस, तक्ता एक नंबर आहे, असा मी आयुष्यात पाहिला नाही. पण या चाळिसांपैकी तुम्ही कोणाला हवे आहात, तो रकाना कुठंय?

मी म्हटलं, ते त्यांनी बघायचं. तो म्हणाला, बघतो बॉस. काय बघतो ते विचारायचं राहिलं.

पॅन्सीला पाणी जास्त झालं.

२७ फेब्रुवारी

केंब्रिजच्या फर्मची मुलाखत, व्हिडिओवर. आकारात सतरावी, पगारात एकविसावी. हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं, म्हणजे गैरसमज नको. दोन बायका होत्या, दोघी हसऱ्या. मी वैविध्याकडे वळलो, तुमच्याकडे माझ्या वयाचं कोणीच नाही, ही उणीव मी भरून काढू शकतो. त्यांनी लिहून घेतलं.

मग एकीनं विचारलं, तुमच्या सहकाऱ्यांना विचारलं तर ते तुमच्याबद्दल काय सांगतील? मी म्हटलं, काहीच नाही. म्हणजे तक्रार नाही, असं म्हणायचं होतं. चोवीस वर्षांत कोणाची एक तक्रार नाही, ही काय साधी गोष्ट आहे? तिनं तेही लिहून घेतलं.

एकंदरीत उत्तम झाली. पन्नास टक्के काम झाल्यात जमा.

६ मार्च

केंब्रिजचा नकार. जेगो म्हणाला, बॉस, मनाला लावून घेऊ नका, त्यांना टीममध्ये मिसळणारा माणूस हवाय. मिसळणारा म्हणजे तरुण, हे शेंबड्या पोरालाही कळेल. वेबसाइटवर पानभर वैविध्य आणि पन्नाशी उलटलेला माणूस दिसला की दार बंद.

तक्त्यात लाल पेननं शेरा मारला: वयद्वेष. लिहिल्यावर बरं वाटलं. कारण कळलं की त्रास निम्मा होतो. वयाला माझा इलाज नाही.

जेगोला तीनदा फोन केला. तो मीटिंगमध्ये आहे म्हणे.

१९ मार्च

काल दिवसभर कोणाशी बोललो नाही. सुपरमार्केटमध्ये पैसे घेणारं मशीन धन्यवाद म्हणालं. मी म्हटलं, असू दे.

फिरायला म्हणून निघालो तो ऑफिससमोरच्या फुटपाथवर. रस्ता सार्वजनिक आहे, कलमाचा भंग होत नाही. काचेतून बेरिल दिसली, ट्रे घेऊन. कोणीतरी काहीतरी बोललं असावं, ती हसत होती आणि ट्रे हलत होता. मी असताना ऑफिसात एवढे विनोद होत नसत. माझी कमी अशी भरून काढत असतील बिचारे.

सकाळी अजून थर्मास भरतो. घरात थर्मास लागत नाही, हे मला कळतं. पण भरतो, टेबलावर ठेवतो, अकरा वाजेपर्यंत थांबतो आणि मग पितो.

आज फार एकटं वाटलं. हवाच तशी होती.

२ एप्रिल

आनंदाची बातमी. फर्मच्या वेबसाइटवर नवे आकडे आले.  वय ५५ ते ६४: चार टक्के.

म्हणजे मला काढलेलं नाही. तीन महिने होत आले, तरी माझी जागा राखून ठेवलीय. कलमामुळे बोलता येत नाही, म्हणून आकड्यातून कळवलं. व्हेरिटी पहिल्यापासून हुशार.

सतरा तारखेला सुट्टी संपते. त्या दिवशी किल्ली द्यायला जायचं. व्हेरिटी वाढीव आकडा सांगेल. मी लगेच हो म्हणायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं, मग हो म्हणायचं. केंब्रिजची उपमर्दाची गोष्ट काढायची नाही. शिवाय निरोपाचं मोठं कार्डही असेल, सगळ्यांच्या सह्यांचं. मी असा तडकाफडकी निघालो, तेव्हा द्यायला वेळच कुठे मिळाला. बेरिलच्या खणात पडून असणार. आता ते फाडून टाका म्हणेन, हसत हसत.

हिलरीनं ईस्टरला बोलावलं होतं. कामात आहे असं कळवलं. कोट इस्त्रीला दिला. पॅन्सी गेली.

१७ एप्रिल, गुरुवार

किल्ली दिली.

व्हेरिटी लंडनला गेली होती. बेरिल म्हणाली, अय्या, क्लेमंट, तुम्ही? कसं चाललंय बागकाम? म्हटलं, जोरात. माझ्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक गृहस्थ फोनवर बोलत होते, मोठ्यानं हसत होते. बेरिल म्हणाली, हे डेझमंड ओक्स, इप्सविचहून आले, फेब्रुवारीपासून. फार मजेशीर माणूस आहे हो. पहिल्याच दिवशी आख्ख्या ऑफिसला विचारत फिरले आणि चहा करून आणला. या वयात कोण करतं?

वय विचारलं. एकसष्ट. माझं सत्तावन्न.

म्हणजे ते चार टक्के हे. आणि वयाचा प्रश्न नव्हता. हे इथे नुसतं लिहून ठेवतो, यावर सावकाश विचार करीन.

कार्डाचा विषय निघाला नाही. मीच बेरिलला म्हटलं, तुम्ही कोणी फोन केला नाहीत याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही, कलमच तसं होतं. ती म्हणाली, कसलं कलम? अगदी खरंच विचारलं तिनं. मी म्हटलं, आहे एक. मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम उठली. म्हणाली, बसा हो, चहा आणते, आज तुमचा थर्मासही दिसत नाही.

दारापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळून म्हणाली, क्लेमंट, तुम्ही चहा कसा घेता हो? साखर किती?

 म्हटलं, एक चमचा.

पूर्ण कप संपवला. मी साखर घेत नाही. पण ती विचारत होती, तर नको म्हणवेना.