एकशेबारा पायऱ्या

प्रिय रतन,

वस्तीच्या तोंडाशी माझ्या नावाची कमान आहे ना, ती खरी केवढ्याला पडली ते सांगतो. ती पडली एकशेबारा पायऱ्यांच्या कठड्याला. त्या वर्षी निधी एकाच कामाला पुरत होता. बायकांना कठडा हवा होता, माझ्या कार्यकर्त्यांना कमान. कमान घाटकोपरच्या रस्त्यावरून दिसते. कठडा चढणाऱ्यालाच दिसतो. मी कमान केली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्याच्याकडे येतोच, पण जरा वळसा घालून. भाषणं करून करून ही खोड लागलीय. पायऱ्यांखालचा माझा पीसीओ आठवतो? तो तुमच्याच ओट्यावर होता. काकीने एक शब्द न विचारता जागा दिली. वस्तीत कुणाचाही फोन आला की मी वर धावत जाऊन हाक मारायचो. समोरून हॅलो म्हटलं की कुणाकडचा फोन ते कळायचं. पुढे लोक रेशन कार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं घेऊन येऊ लागले, आणि मी दोनदा आमदार झालो. प्रत्येक सभेत ठोकून द्यायचो, ‘मतदारसंघातून कुणीही फोन करा, आवाजावरून नाव सांगतो.’ टाळ्या पडायच्या. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे फोन लावून परीक्षा घेतली, तर त्याच्या गावाचंही नाव सांगितलं. वर माणसांच्या नकला करायचो, त्या वेगळ्याच.

गेल्या निवडणुकीत पडलो, ते तुला ठाऊक आहेच. आता दुपारी घरी असतो. फोन फार येत नाहीत. बायको म्हणते, बरं झालं, निदान जेवण तरी गरम मिळतं.

आता तुझं पत्र. वस्तीने वर्गणी काढून कठडा बसवला, त्यावर काकीच्या नावाची पाटी लागणार, आणि तिच्या वर्षश्राद्धाला तू कुडाळहून येशील तेव्हा ती माझ्याच हातून लागावी, असं लिहिलंयस. ‘तू तिचा दुसरा मुलगा.’ रतन, मी ती पाटी लावणार नाही. का, ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो. कठड्यासाठी काकीने ऑफिसात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी नितेशला, माझ्या पीएला, पुढे केलं. तिसऱ्यांदा नितेश बाहेर गेला होता. मी उचलला, तिचा आवाज ओळखला, आणि नितेशचा आवाज काढून म्हणालो, साहेब अधिवेशनाला गेलेत. ती म्हणाली, “बरा. सायबांका सांग, पायरेर शेवाळ धरला. आणि तू येळार जेव हां, झिला.” मी फोन ठेवला आणि हसलो, म्हटलं, नक्कल झकास जमली. अकराव्या दिवशी ती साठाव्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला, तो शेवटपर्यंत सांधला नाही. तिच्या तिरडीला मी खांदा दिला, तू माझ्या गळ्यात पडून रडलास. तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकीला होतं. नितेशला ती कायम अहो-जाहो करायची. लेक समजून झिला ती दोघांनाच म्हणायची, तुला आणि मला.

तुझाच,
धाकू