एकाहत्तर गुणांची पत्रिका

बारामती,
बुधवार, ९ जुलै १९९७

तीर्थस्वरूप सोमनाथदादांच्या चरणी धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे अविराजचा, दंडवत. पुण्यात तुम्ही खुशाल असाल आणि वहिनींची पाठदुखी कमी झाली असेल असं धरून चालतो. इकडे आमच्या आबांचं ब्लडप्रेशर चढलं आहे, माझी झोप उडाली आहे, आणि या दोन्हींचं मूळ तुम्ही आहात. मोठ्या भावाला असं लिहू नये हे मला कळतं. पण येत्या रविवारी सकाळी अकराला इंदापूरहून जीप येणार आहे, आणि तिच्यातून उतरणाऱ्या माणसांना तोंड मला द्यायचं आहे, तुम्हाला नाही.

गेल्या दिवाळीत तुम्ही ऑफिसातल्या मित्राकडून झेरॉक्स करून आणलेला तो खेळ आठवा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि वार लागला की चुकला हे फाशांनी ठरवायचं. तुम्ही चार दिवस खेळून निघून गेलात, आणि पाचव्या दिवशी आबांना फासे दिसले. (आबांच्या मते घरात फासे आले की मागोमाग वनवास येतो.) त्यांनी ते उचलून उकिरड्यात टाकले. म्हणून मी आणि क्लासमधला माझा भागीदार बुद्धघोष, आम्ही दोघांनी आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला. फासे मशीन टाकणार, भुयारांचे नकाशे मशीन काढणार, राक्षस मशीन जन्माला घालणार, आणि प्रत्येक पात्राचा तक्ता प्रिंटरवर छापून मिळणार. रविवारी क्लास बंद असला की आम्ही दोघं आणि वृषाली (तुमची लाडकी, आणि माझी सख्खी बहीण असूनही माझी नव्हे) खेळायला बसायचो. आबांना वाटायचं, पोरं सुटीच्या दिवशीही अभ्यास करतात.

त्यात वृषाली कधी हरायचीच नाही. तीन महिने आम्ही डोकं खाजवलं. शेवटी कळलं की वीज जाऊन मशीन पुन्हा चालू केलं की आमचा प्रोग्रॅम दर वेळी फाशांचे तेच आकडे त्याच क्रमानं काढतो. (चूक बुद्धघोषची. तो म्हणतो माझी.) बाईसाहेबांनी त्यातले पहिले दोनशे आकडे वहीत उतरवून ठेवले होते. वीज गेली की आम्ही कपाळाला हात लावायचो आणि ही गालातल्या गालात हसायची.

आता मूळ संकट. त्याच मशीनवर आम्ही लोकांना कॉम्प्युटर पत्रिका काढून देतो. (बुद्धघोषच्या घरात आजोबांपासून कुणी पत्रिका पाहिलेली नाही, पण गिऱ्हाइकाची जन्मवेळ सर्वांत काळजीनं तोच टाइप करतो.) इंदापूरच्या रामहरीरावांचा मुलगा लोणी देवकरला कारखान्यात सुपरवायझर आहे, घरची डाळिंबाची बाग आहे, आणि वृषालीसाठी हे स्थळ आबांनी स्वतः शोधलेलं. त्यांनी मुलीची पत्रिका मागितली, तीही कॉम्प्युटरचीच. मी काढली, पाकिटात घातली, पाकीट टेबलावर ठेवलं, आणि इंदापूरला पोचला तो खेळातल्या पात्राचा तक्ता. त्यावरही नाव वृषालीच, कारण पात्राला तिनं स्वतःचंच नाव दिलेलं.

दादा, तो कागद तिकडे पाच माणसांत मोठ्यानं वाचला गेला. वंश यक्षाचा. आयुष्य चौदा. शस्त्र कुऱ्हाड. पाळीव प्राणी लांडगा. आतापर्यंत ठार तेवीस. आणि खाली बेरीज, एकूण गुण एकाहत्तर. छत्तीसांतले किती जुळतात ते पाहायला बसलेल्या गुरुजींनी म्हणे चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. मग शेजारच्या दुकानात रामहरीरावांचा फोन आला. "आबा, ते तेवीस कोण ते आदी सांगा. रविवारी आमी येतोय. पोरगी आन् कागद काढणारा, दोघंबी म्होरं पायजेत." मागून त्यांच्या मंडळींचा, द्वारकाबाईंचा, आवाज आला, "कुऱ्हाड चालवती म्हंजी सरपणाची काळजी मिटली की वो!" एवढीच काय ती आशेची जागा.

तेव्हापासून आबा माझ्याशी एकच वाक्य बोलले आहेत, "पोरीचं मोडलं तर तुझं मशीन हिरीत." मशीनचं सोडा. पोरीचं नाव दोन तालुक्यांत खराब होईल याची मला खरोखर भीती वाटते. तेव्हा हात जोडून सांगतो, तुमच्या कंपनीच्या छापील कागदावर लिहून पाठवा की असा खेळ असतो, शिकलेली माणसं तो खेळतात, आणि मेलेले तेवीसही राक्षस होते. शनिवारपर्यंत कागद हातात पडेल असं बघा.

तुमचा (आजवर) आज्ञाधारक,
अविराज

ता. क. इथवरचं आबांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि "झ्याक लिवलंस" म्हणाले. पुढचं एस.टी. स्टँडवर उभ्यानं लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या.

दुसरा ता. क. पाकिटात मी खरी पत्रिकाच घातली होती, दोनदा बघून. ती काढून तक्ता वृषालीनं घातला. मला काल कळलं. मी ओरडलो तर म्हणाली, "तुला आदी सांगितलं असतं तर तू आबास्नी सांगितलं असतंस." (असतं.) मग तिनं पुणे विद्यापीठाचं पत्र दाखवलं. एम.एस्सी. कॉम्प्युटर, निवडयादीत अकरावी. महिनाभर ते पत्र तिनं एकटीनं उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, दादा.

तिसरा ता. क. हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुमच्या हातात ते देऊन जी पिशवीसकट दारात उभी आहे, तिला आधी आत घ्या. घरच्यांच्या लेखी ती सोमेश्वरनगरला मैत्रिणीकडे आहे. प्रवेशाची शेवटची तारीख उद्याची, आणि अर्जावर पालकाची सही लागते. आबांकडे मागायची माझी छाती झाली नाही. कंपनीचा कागद वगैरे काही नको. उद्या तिच्याबरोबर जा आणि सही करा. रविवारी जीप आली की मी पुढं होऊन सांगेन की पाकीट मीच बदललं. हे तिला कळू देऊ नका, नाहीतर उलट्या गाडीनं परत येईल.