पाचवी नागपुरात

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वॉर्डात कोणी भांडायला उठलं की मला अजून तूच आठवतेस. माझं कामच तसं आहे बघ. वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यातलं, काचेच्या पेटीतलं एखादं बाळ नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, की डॉक्टर बाळाचं बघतात आणि मी घरच्यांचं. गाडीत कोण बसेल, दूध कसं पोचेल, तिथं गेल्यावर कोणाला भेटायचं, सगळं. हे मला चांगलं जमतं, आणि तसं सांगायला मी आता लाजत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुलगावची एक बाळंतीण होती. मुलगी पाच दिवसांची, हृदयात जन्मापासून दोष, ओठ निळे पडत चाललेले. ऑपरेशन नागपूरलाच होणार होतं आणि तिथली जागा कोणी फार वेळ राखून ठेवणार नव्हतं. गाडी खाली उभी, आणि सासूबाई दारात आडव्या. "आज पाचवी हाय. राती सटवाई येईन कपायावर लिव्हाले. लेकरू नागपुरात अन् पूजा पुलगावात, तिनं जावं कोठं? उद्या नेजा." डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला. बाप खाली मान घालून उभा. सुनेला तर कोणी विचारलंच नव्हतं. बाळंतिणीला वारं लागतं म्हणून तिला परस्पर घरी न्यायचं ठरलं होतं. दुधानं पदर भिजलेला, ती भिंतीला टेकून बसली होती. मला तिचा इतका कळवळा आला आणि सासूचा इतका राग आला, की तोंडावर आलेलं मी कसंबसं गिळलं.

कारण त्या क्षणी मनानं मी कारंज्याला आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. नर्सिंगच्या पहिल्या सुट्टीत आले आहे, आणि शेजारच्या काकूंनी नातवाला बांधलेल्या काळ्या दोऱ्याला हसते आहे. तू भाकर थापता थापता, मान वरही न करता म्हणतेस, "हासून काऊन राह्यली? भेलेल्या माणसाले आधी बसाले दे, पाणी दे. मंग सांगजो तुह्यं शायनपन."

मी सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हटलं, "मावशी, माही माय सांगे, सटवाई घर पाहून नाई येत, बाळंतिणीले पाहून येते. माय जेथं बसन, तेथं ते लिव्हते."

त्यांनी सुनेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असं हाय तं हिलेबी न्या लागन." कोरा कागद, पेन आणि हळदीकुंकवाची पुडी त्यांनी स्वतः सुनेच्या पदरात बांधली, तिच्या कानाला रुमाल आवळला. मी नागपूरच्या सिस्टरला फोन केला, आईला रात्री बाळाजवळ बसू द्या म्हटलं, कागदाचंही सांगितलं. ती हसली नाही. हळद पेटीपासून दूर ठेवा, एवढंच म्हणाली.

ती मुलगी आता घरभर रांगते. गेल्या महिन्यात आर्वीकडचं एक बाळ हलवायचं होतं, तर मी तोंड उघडायच्या आधीच त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "बाळंतिणीले संग न्या लागते म्हने. इथल्या सिस्टरच्या मायनं सांगतलं हाय."

तू असतीस तरी हे पत्र मी तुला धाडलं नसतं. सटवाईबद्दल तू जन्मात एक अक्षर बोलली नव्हतीस. ते माझंच होतं, तुझ्या नावावर खपवलं, आणि वेळ आली की पुन्हा खपवणार आहे.