विहीणबाई तळ्यावर

१३ मार्च
मंजू आली. जावयाला सुट्टी न्हाई, म्हणून सोबत तिच्या सासूबाई. विहीणबाईंना (इथून पुढं नुसतं वि.) कडा गावाजवळचं आमचं तळं बघायचंय, पक्षी बघायचेत. अलिबागला त्यांच्या दारात खाडी असताना! लहानपणी मंजूला सायकलवर पुढं बसवून न्यायचे मी तिथं. आमच्या दोघींचं होतं ते.
हे म्हणतात, "पाहुण्या हायत, दाखव की."

१४ मार्च
उजाडता तळ्यावर. पाणी आटलंय, मधलं बेट उघडं पडलंय. लांब पायांचे शेकाटे भरपूर. चक्रवाक अजून गेले न्हाईत. वि.च्या गळ्यात भारी दुर्बीण. माझ्या दुर्बिणीचा एक डोळा धूसर.
चिखलात मंजूनं हात त्यांचा धरला. मला सवय हाय चिखलाची, खरंय. तरी.
पुढून मंजूनं हाक मारली, "आई, इकडं!" दोघीही पुढं झालो. मग म्हणाली, "तू न्हाई गं, या आई."
बेटावरचं सुरय पक्ष्याचं घरटं शेवटी दाखवायचं म्हणून राखून ठेवलं होतं. वि.ना आधीच दिसलं. मंजू त्यांच्याच दुर्बिणीला डोळा लावून बसली. मी म्हटलं, टिटवी असेल. सुरय हाय हे मला दिसत होतं.


१५ मार्च
मंजू तिच्या बाबांसोबत बाजारात. वि.ना भाकरी शिकायची होती. त्यांची फाटली, मला बरं वाटलं.
मग तव्याकडं बघतच म्हणाल्या, "मंजू रोज पहाटे एकटीच खाडीवर जाते. डोळे सुजवून येते. पक्ष्यांशिवाय माझ्याशी काही बोलत नाही. मुलगाही काही सांगत नाही. तळ्याचं निमित्त करून मीच तिला इकडे आणलं. तुम्हाला तरी सांगते ना?"
मी म्हटलं, "सांगते की. सगळं सांगते."
त्यांचं तोंड एवढंसं झालं. क्षणभर लई गोड वाटलं.
मला काहीच माहीत न्हाई. फोनवर 'जेवलीस का'च्या पुढं मंजू जात न्हाई. आणि मीही...

१६ मार्च
दोघींना नगरच्या गाडीत बसवलं, तिथून अलिबागची धरतील. मंजू खिडकीशी, तिचं लक्ष बाहेर. वि. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगते म्हणालात, जीव भांड्यात पडला. आता मी काही विचारणार नाही तिला."
तेव्हाच बोलायला हवं होतं. गाडी सुटली.
घरी आल्यापासून फोन हातात घेऊन बसलेय. आधी कुणाला लावू, मंजूला का वि.ना?